उन्हाचा हिशेब: कुलाबा ते केम

केम हे करमाळा तालुक्यातलं गाव. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर दौंड आणि कुर्डुवाडीच्या मधे आमचं स्टेशन लागतं. बाहेरच्या लोकांना गाव माहीत असतं ते कुंकवामुळे. आम्हा गाववाल्यांना ते उन्हामुळेही माहीत आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळतात.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमच्या भागातल्या एका वसतिगृहाचं काम पाहणारे नात्यातले एक आबा दोन कागद घेऊन आले. एका कागदावर छतावर बसवायच्या सौर पॅनेलचं कोटेशन होतं, दुसऱ्यावर पाणी तापवायच्या सौर बंबाचं. पैसे एकाचेच होते. "तू इंजिनेर हायेस. यातलं कुठलं घ्यावं, सांग."

मी सॉफ्टवेअरवाला, तेव्हा तोंडातून लगेच "पॅनेल" निघालं. आजकाल सगळे तेच बसवतात. आबा म्हणाले, "आधीचा सोलर बी सगळे बसवतेत म्हणूनच बसवलावता." मग ते मला वसतिगृहाच्या गच्चीवर घेऊन गेले. दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेला सौर बंब तिथे होता. चार नळ्या फुटलेल्या, टाकीच्या जोडाशी क्षारांचा पांढरा थर, आणि स्टँडवर मुलींचे टॉवेल वाळत घातलेले. बोअरच्या जड पाण्याने आतले मार्ग चोंदत गेले. बसवणारे पहिल्या वर्षी एकदा आले, नंतर त्यांचा फोन लागेना. आता खाली अंगणात पुन्हा जुना बंब पेटतो. वेड्या बाभळीचं सरपण जाळून शंभर मुलींचं पाणी तापवायला तिथल्या मावशी पहाटे चारला उठतात. त्या धुराने त्यांचे डोळे कायम लाल असतात.

मोठ्या इमारतीला उष्णता आणि वीज उन्हातून कशी द्यावी, हा प्रश्न मला नवा वाटत होता. पुण्याला परतल्यावर वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की तो आपल्याच मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी विचारून झालाय.

कुलाब्याचा बंगला, १८७८

विल्यम ॲडम्स हा मुंबईतला इंग्रज सरकारी अधिकारी. उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार, म्हणजे पेशाने कागदपत्रांतला माणूस. त्याला नाद मात्र उन्हाचा होता. १८७८ साली त्याने मुंबईत एक पुस्तक छापलं. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं.

त्या वेळची परिस्थिती पाहिली की हा प्रश्न त्याला का पडला ते कळतं. १८६० मध्ये रेल्वे पुण्याहून सोलापूरपर्यंत, म्हणजे केमवरून, पोचली होती. मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत होत्या, आणि १८७० च्या दशकातच सोलापुरातही जुनी मिल सुरू झाली. या सगळ्यांना वाफ हवी होती आणि वाफेला कोळसा. मुंबईच्या गिरण्यांत जळणारा कोळसा मुख्यतः इंग्लंडहून जहाजाने येई. डोक्यावर एवढं ऊन तापत असताना पाणी उकळायला सातासमुद्रापलीकडून दगड आणायचे, ही विसंगती ॲडम्सला दिसली.

त्याच्यासमोर नमुना होता तो ऑगस्टिन मूशो या फ्रेंच गणित शिक्षकाचा. मूशोने चांदीचा मुलामा दिलेला मोठा शंकूसारखा आरसा करून त्याच्या मधोमध बॉयलर उभा केला होता. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने उन्हावर यंत्र चालवून बर्फ करून दाखवला. ॲडम्सचा आक्षेप साधा आणि व्यवहारी होता. असा एकसंध आरसा फार मोठा करता येत नाही, तो महाग पडतो, आणि मुलामा काळा पडला की सारखा घासावा लागतो. त्याऐवजी साधे सपाट काचेचे आरसे घ्या, ते एका चौकटीत असे लावा की प्रत्येकाचा कवडसा एकाच जागी पडेल. शक्ती वाढवायची असेल तर आरसे वाढवा.

त्याने १७ बाय १० इंचांचे ७२ आरसे घेतले आणि त्यांचे कवडसे वीस फुटांवरच्या लाकडावर टाकले. लाकूड लगेच पेटलं. मग लाकडाच्या जागी बॉयलर आला. आरशांची अर्धवर्तुळाकार चौकट बॉयलरभोवती सरकवता येईल अशी बसवली. सूर्य सरकेल तशी चौकट सरकवायला एक माणूस नेमला. या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप मिडल कुलाब्यातल्या त्याच्या बंगल्याच्या आवारात दोन आठवडे चालला आणि लोकांना तो बघायला बोलावलं गेलं. आठ आरशांची सौर चूलही त्याने केली होती. जानेवारीत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत थंड महिन्यात, सात शिपायांचं जेवण तिच्यावर दोन तासांत शिजलं.

आज ज्याला सौर मनोरा म्हणतात, म्हणजे शेकडो आरसे जमिनीवर आणि मधल्या मनोऱ्यावर बॉयलर, त्याची मूळ कल्पना हीच. पण पुढे काही झालं नाही. कोळसा स्वस्त होत गेला. मुंबईच्या गिरण्यांची कोळशातून अंशतः सुटका झाली ती १९१५ मध्ये, खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रामुळे. म्हणजे सह्याद्रीतल्या पावसामुळे. ऊन तसंच राहिलं.

परदेशातही तीच गत झाली. अमेरिकन फ्रँक शूमनने १९१३ मध्ये कैरोजवळच्या मादी इथे लांबलचक पन्हळीसारखे आरसे लावून नाईलचं पाणी शेतात चढवलं. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो प्रकल्प मोडीत निघाला.

या गोष्टी सांगताना "काळाच्या पुढे होता बिचारा" असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. ॲडम्सच्या यंत्रात चौकट सरकवणारा एक माणूस दिवसभर लागत होता. कोळशाच्या बॉयलरलाही माणूस लागे, पण तो ढगाळ दिवशीही वाफ देई. उन्हाच्या यंत्राला माणूस किती लागतो आणि तो न मिळाल्यास काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून आहे. आबांच्या गच्चीवरचा मोडका सांगाडा त्याचंच उत्तर होता.

रात्रीचं पाणी

वाफेपेक्षा आंघोळीचं पाणी ही फार सोपी गोष्ट. काळी टाकी उन्हात ठेवली की पाणी तापतं, हे आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने अशी टाकी काच लावलेल्या पेटीत बसवून तिचं पेटंट घेतलं. अडचण एकच होती. संध्याकाळी पाणी कढत, पण पहाटेपर्यंत गार. आणि आंघोळ तर सकाळी करायची.

यावरचा उपाय कॅलिफोर्नियातल्या विल्यम बेलीने १९०९ च्या सुमारास शोधला. पाणी तापवायची जागा आणि साठवायची जागा त्याने वेगळी केली. काळ्या पत्र्याला जोडलेल्या बारीक नळ्यांत पाणी तापतं, हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि वरच्या गुंडाळलेल्या टाकीत जाऊन बसतं. गार पाणी खाली उतरतं. पंप नाही, वीज नाही. त्याने नावच "दिवस-रात्र" असं दिलं. आज पुण्यातल्या सोसायट्यांच्या छतांवर दिसणाऱ्या बंबांचं तत्त्व तेच आहे. सपाट पेटीऐवजी निर्वात काचनळ्या आल्या, एवढाच मोठा फरक.

बेलीचा धंदा स्वस्त नैसर्गिक वायूने बुडवला. उन्हाच्या बंबाला परत दिवस आले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सौर बंब सक्तीचा केला. भारतात १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र विभाग झाला. पुढे आपल्या शहरांत बांधकामाच्या नियमांत सौर बंब आला. पुणे महापालिकेने मिळकतकरात सवलतही दिली. सवलतीसाठी बसवलेले आणि नंतर बंद पडलेले बंब मी पुण्यात पाहिलेत, आणि पंधरा-वीस वर्षं विनातक्रार चालणारेही. दोन्हींवर पडणारं ऊन सारखंच होतं.

लातूरचं दूध, शिर्डीची आमटी

इमारत खरोखर मोठी असेल तर नुसतं कोमट पाणी पुरत नाही, वाफ लागते. इथे महाराष्ट्राने दोन मोठे प्रयोग केले.

पहिला लातूरचा. आयआयटी मुंबईत प्राध्यापक शिरीष केदारे यांच्या कामातून "अरुण" नावाची प्रचंड तबकडी तयार झाली. आरशांचं क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मीटर, आणि दोन्ही अक्षांवर फिरून ती सूर्याकडे तोंड ठेवते. एकसंध वाडग्याऐवजी चौकटीवर जोडलेले अनेक छोटे आरसे, म्हणजे ॲडम्सचा युक्तिवादच जणू. २००६ च्या सुमारास अशी तबकडी लातूरच्या महानंद डेअरीत लागली. तिच्यावर दाबाखालचं पाणी तापवून दुधाचं पाश्चरीकरण केलं जाई. सूर्यामागे फिरायला आता माणसाऐवजी मोटर आली होती.

दुसरा प्रयोग शिर्डीचा. वोल्फगांग शेफलर या ऑस्ट्रियन संशोधकाने १९८० च्या दशकात अशी तबकडी केली की सूर्य फिरला तरी तिचा कवडसा एकाच जागी स्थिर राहतो. त्यामुळे बॉयलर हलवावा लागत नाही. शिवाय गावातला वेल्डरही ती बनवू शकावा, अशी तिची रचना आहे. अबू रोड आणि तिरुपतीनंतर २००९ मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसल्या. रोज साधारण साडेतीन हजार किलो वाफ तयार करण्याची त्यांची क्षमता सांगितली गेली.

हा आकडा मी ताडून पाहिला. ७३ गुणिले १६ म्हणजे ११६८ चौरस मीटर. थेट ऊन दिवसाला प्रत्येक चौरस मीटरवर पाच युनिट धरलं आणि त्यातलं चाळीस टक्के वाफेत उतरलं असं मानलं, तर सुमारे २३०० युनिट उष्णता मिळते. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट लागतं. भागाकार येतो साडेतीन हजार. म्हणजे हिशेब जुळतो.

शिर्डीत हे शोभतं, कारण तिथे रोज हजारो लोक जेवतात. भट्टीला सुट्टी नाही, वाफेचा एक थेंब वाया जात नाही. आरसे पुसायला, ऋतूनुसार तबकड्यांचा कोन बदलायला पगारी माणसं ठेवणं संस्थानाला परवडतं. शंभर मुलींच्या वसतिगृहाला नाही. आकाश ढगाळ असलं की तबकडी जवळजवळ निकामी होते, कारण आरशाला थेट किरणच लागतात, विखुरलेला उजेड त्याला एकवटता येत नाही.

विजेची उशिरा आलेली पाळी

उन्हातून थेट वीज करण्याची कल्पनाही ॲडम्सच्याच काळातली. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमच्या पट्ट्या छतावर मांडल्या होत्या. पण उन्हाचा शंभरावा भागच विजेत उतरत होता. खरी सुरुवात १९५४ ची, बेल लॅबमधली. सिलिकॉनच्या घटाने सहा टक्क्यांची मजल मारली. तरी किंमत अशी की तो फक्त उपग्रहांनाच परवडे.

नंतरची घसरण आपल्या डोळ्यांदेखत झाली. जानेवारी २०१० मध्ये भारताने राष्ट्रीय सौर अभियान जाहीर केलं. त्याच्या पहिल्या लिलावात युनिटला अकरा-बारा रुपयांच्या आसपास दर आले. २०११ च्या अखेरीस नीचांकी दर ७.४९ रुपये झाला, आणि मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भादल्याच्या लिलावात २.४४ रुपये. मी शाळेत असताना जी वीज चैन होती, ती मी इंजिनियर होईपर्यंत कोळशाच्या विजेशी स्पर्धा करू लागली. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या दोन संचांचं कोळशावरचं केंद्र सुरू झालं, तेही याच वर्षांत.

याच अभियानाने सौर बंबांसाठीही उद्दिष्ट ठेवलं होतं, २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर. त्याची चर्चा कधी ऐकलीत? पॅनेलच्या लाटेत उष्णता मागे पडली. मोठ्या इमारतीत उन्हापासून काय घ्यायचं, याचं एकच उत्तर लोकांच्या तोंडी राहिलं. माझ्याही तोंडून तेच निघालं होतं.

आबांचा कागद

मग मी बसून हिशेब केला. शंभर मुली, प्रत्येकी वीस लिटर गरम पाणी. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २२ अंशांवर असतं, ते ४५ अंशांपर्यंत न्यायचं. दोन हजार लिटर पाण्याला सुमारे ५४ युनिट उष्णता लागते. आपल्या भागात सरासरीने चौरस मीटरला दिवसाला साडेपाच युनिट ऊन मिळतं.

सौर बंब त्यातलं निम्मं पाण्यात उतरवतो असं धरू. म्हणजे २० चौरस मीटर बंब पुरे. पॅनेल वीस टक्क्यांचं, आणि तारा, इन्व्हर्टर, धूळ, उष्णता यांची वजावट केल्यावर चौरस मीटरला दिवसाला जेमतेम ०.८ युनिट. त्या विजेने साधा गिझर चालवला तर ६७ चौरस मीटर पॅनेल लागतील, म्हणजे बंबाच्या तिपटीहून जास्त. इथपर्यंत बंब सरळ जिंकतो.

पण गिझरऐवजी हीट पंप लावला तर? हा उलटा चालणारा फ्रिजच. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो आणि एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. मग ५४ ऐवजी १८ युनिट वीज, आणि २२ चौरस मीटर पॅनेल. बंब वीस, पॅनेल बावीस. शंभर वर्षांच्या दोन वेगळ्या वाटा छतावर येऊन जवळजवळ एकाच जागेत मावतात. मला स्वतःला हे अपेक्षित नव्हतं.

जागा सारखी लागत असेल तर निर्णय दुसऱ्या गोष्टींवर होतो. त्या गोष्टी मला पुण्यातून दिसत नव्हत्या, त्यासाठी आबांना फोन करावा लागला.

पहिली गोष्ट सुट्टीची. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत, ऐन उन्हाच्या दिवसांत, वसतिगृह रिकामं. बंबातलं पाणी कुणी न वापरता उकळत राहतं आणि नळ्या-रबरांची वाट लागते. पॅनेलची वीज मात्र नेट मीटरमधून ग्रीडवर जाते आणि आर्थिक वर्षाच्या आत पुढच्या बिलांतून वजा होते. सुट्टी एप्रिलपासून येत असल्याने हे आमच्या पथ्यावरच पडतं.

दुसरी लाइट जाण्याची. छतावर पॅनेल असले की लाइट गेली तरी घरात उजेड, असं गावात सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर स्वतःहून बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या बाजूने शॉक बसू नये. बॅटरी हवी तर खर्च वाढतो. बेलीच्या जुन्या बंबाला विजेची गरजच नाही.

तिसरी पाण्याची. आमचं बोअरचं पाणी आत घ्यायचं तर क्षार धरणारच. त्यावर उपाय आहे. नळ्यांमध्ये स्वच्छ पाणी कायमचं कोंडून फिरवायचं आणि त्याची उष्णता टाकीतल्या वेटोळ्यातून बोअरच्या पाण्याला द्यायची. क्षार मग वेटोळ्यावर बसतात, ते खोलून साफ करता येतं. मागच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

चौथी माणसाची. पॅनेल पंधरा दिवसांनी सकाळी ओल्या फडक्याने पुसले तरी भागतं. हीट पंप बिघडला तर मेकॅनिक बार्शीहून किंवा सोलापूरहून येणार. बंब बिघडला तर कुर्डुवाडीचा प्लंबर.

शेवटी मी आबांना दोन्ही अर्धे-अर्धे सुचवले. हजार लिटरचा वेटोळ्याचा सौर बंब, आणि उरलेल्या पैशांत दिवे, पंखे, पाण्याची मोटर भागवतील एवढेच पॅनेल. मंजूर भारापेक्षा मोठे पॅनेल नियमात बसतही नाहीत. हीट पंपासाठी वायरिंग करून ठेवा, पैसे आले की तो घ्या. आणि दोन्ही कोटेशनवाल्यांकडून पाच वर्षांच्या देखभालीचा करार लेखी घ्या, त्याचे पैसे एकदम न देता दरवर्षी काम झाल्यावर द्या. आबांना सगळ्यात जास्त हे शेवटचं वाक्य आवडलं. एक कोटेशनवाला त्यावर परत फिरकलाच नाही, म्हणजे निवड थोडी सोपीही झाली.

फेब्रुवारीत बंब बसला. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मावशींना विचारलं. म्हणाल्या, "आता साडेपाचला उठते." ॲडम्सच्या बंगल्यातल्या दोन आठवड्यांपासून सुरू झालेल्या या सगळ्या खटाटोपाचं मला कळलेलं सर्वांत नेमकं माप हेच आहे. त्या माणसाला दीड तासाची झोप मिळाली.

मग त्यांनी विचारलं, "पन आखाडात, आभाळ भरलं की?"

हजार लिटर अर्ध्याच मुलींना पुरतं, ढग आले की तेही नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं तसं. त्यांनी मान हलवली. अंगणातला जुना बंब भंगारात द्यायचा आबांचा विचार होता. मावशींनी तो घासून, राख काढून, शेडखाली उलटा घालून ठेवलाय.